मागची कड

१

आकृती काढणे आणि आकृती लिहिणे या दोन निराळ्या क्रिया आहेत. साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना हे वाक्य कदाचित अलंकारिक वाटेल. मला ते शब्दशः अभिप्रेत आहे. पवनचक्कीच्या पात्याभोवती हवा कशी वाहते याचे संगणकावर गणन करणे हा माझ्या कामाचा एक भाग आहे, आणि त्याची पहिली पायरी म्हणजे पात्याच्या छेदाची द्विमितीय आकृती भूमिती मांडणाऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये उभी करणे. दुरून पाहणाऱ्याला हे काम चित्रकलेच्या जवळचे वाटते. माउस हातात घ्यावा, पडद्यावर एक डौलदार वळण ओढावे, मनास आले नाही तर पुसावे, असे काहीसे. तशी सॉफ्टवेअरे आहेतही. पण मी वापरतो त्या ‘जीमेश’मध्ये आकृती एका साध्या मजकुराच्या फाईलमधून जन्माला येऊ शकते, आणि मी ती तशीच घडवतो.

जीमेश हे क्रिस्तोफ ग्यूझेन आणि जाँ-फ्रान्स्वा रमाकल या दोघांनी बेल्जियममध्ये विकसित केलेले, कोणालाही मोफत वापरता येणारे सॉफ्टवेअर. त्याच्या फाईलमध्ये एकेका ओळीत एकेक विधान असते. ‘पॉइंट’ हा शब्द, कंसात त्या बिंदूचा क्रमांक, बरोबरचे चिन्ह, मग महिरपी कंसात आकडे आणि अखेरीस अर्धविराम. पहिला आकडा आडवे अंतर सांगतो, दुसरा उभे, तिसरा खोली. चौथा आकडा त्या जागी गणनाची जाळी किती बारीक विणायची ते सांगतो. आकृती द्विमितीय असली तरी तिसरा आकडा गाळता येत नाही. तो प्रत्येक वेळी शून्य असतो, आणि ते शून्य प्रत्येक ओळीत लिहावे लागते. आपण एक मिती सोडून दिली आहे याची आठवण ही फाईल ओळीओळीला करून देत असते.

या लेखात मला त्या मजकुराविषयी, आणि त्यातही तो जिथे संपतो त्या जागेविषयी लिहायचे आहे. ती जागा म्हणजे पात्याची मागची कड. तिथे जे घडते ते पाठचिकित्सेशी थोडाफार परिचय असलेल्या कोणालाही परके वाटू नये अशी माझी समजूत आहे.

२

आधी छेद म्हणजे काय ते पाहू. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर उभ्या असलेल्या पवनचक्क्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. दुरून त्यांचे पाते म्हणजे आकाशावर ओढलेला एक पांढरा फराटा दिसतो. जवळून मात्र त्याचा आकार जागोजागी बदलतो. जिथे ते मधल्या तुंब्याला बोल्टांनी जोडलेले असते तिथे ते जवळजवळ गोल असते. पुढे ते रुंद आणि चपटे होते. टोकाकडे बारीक व पातळ होत जाते. शिवाय त्याला पीळ असतो, कारण टोक मुळापेक्षा कितीतरी अधिक वेगाने फिरते आणि त्यामुळे वारा प्रत्येक ठिकाणी निराळ्या कोनातून भेटतो. अशा पात्याला लांबीच्या काटकोनात एका जागी कापले आणि कापलेल्या भागाकडे समोरून पाहिले, तर जी आकृती दिसते ती छेद. पुढे गोलसर, वर फुगीर, मागे निमुळती होत गेलेली.

या एका कापातून पात्याबद्दलचे पुष्कळ काही निसटते. फिरणाऱ्या पात्यावरची हवा फक्त पुढून मागे जात नाही, ती लांबीच्या दिशेनेही सरकते. आणि मुळाजवळच्या छेदांवर प्रत्यक्षात मिळणारी उचल द्विमितीय अंदाजापेक्षा अधिक असते, हे हिमेलस्काम्प या जर्मन संशोधकाने १९४५ सालीच दाखवून दिले होते. तरीही आजवर पात्यांचे आराखडे द्विमितीय छेदांपासूनच सुरू होत आले आहेत. कादंबरीतला एक परिच्छेद वर्गात फळ्यावर घेऊन त्याची वाक्यरचना उलगडून दाखवणाऱ्या शिक्षकाला ही पद्धत नवी वाटणार नाही. कादंबरी परिच्छेदात नसते हे त्यालाही माहीत असते. पण परिच्छेदावर जे नीट दाखवता येते ते अख्ख्या कादंबरीवर दाखवता येत नाही.

३

मी घेतो तो छेद बहुधा ४४१२ या क्रमांकाचा असतो. हे नाव एखाद्या सांकेतिक शब्दासारखे दिसते. वस्तुतः ते पूर्ण वर्णन आहे. छेदाच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंतची सरळ रेषा म्हणजे जीवा. पहिला ४ सांगतो की छेदाचा मध्यावरचा बाक जीवेच्या ४ टक्के आहे. दुसरा ४ सांगतो की हा बाक पुढून ४० टक्क्यांवर सर्वांत जास्त आहे. १२ म्हणजे छेदाची कमाल जाडी जीवेच्या १२ टक्के. ही नामपद्धती अमेरिकेच्या एन.ए.सी.ए. या विमानविद्येच्या राष्ट्रीय समितीची. समितीच्या लँगली येथील प्रयोगशाळेत ईस्टमन जेकब्स, केनेथ वॉर्ड आणि रॉबर्ट पिंकर्टन यांनी अशा ७८ छेदांच्या चाचण्या घेतल्या, आणि १९३३ साली त्यांचा अहवाल ४६० या क्रमांकाने प्रसिद्ध झाला. हे छेद विमानांसाठी होते. १९७० आणि ८० च्या दशकांत पवनचक्क्या नव्याने उभ्या राहू लागल्या तेव्हा त्यांच्या पात्यांसाठी याच ४४ ने सुरू होणाऱ्या कुळातले छेद उसने घेतले गेले. पुढे किडे आणि धूळ पात्याच्या पुढच्या कडेवर साचून उचल घटते असे आढळल्यावर १९८४ पासून अमेरिकेत खास पवनचक्कीसाठी निराळे छेद रचण्यास सुरुवात झाली. ४४१२ मात्र शिकवण्यासाठी आणि पडताळण्यासाठी टिकून राहिला. काही ग्रंथ जसे अभ्यासक्रमातून सहसा जात नाहीत तसा.

या कुळातल्या सर्व छेदांची जाडी एकाच सूत्राने मिळते. पुढच्या टोकापासून मागे जाताना प्रत्येक ठिकाणी अर्धजाडी किती, हे ते सूत्र पाच पदांत सांगते. पहिल्या पदात अंतराचे वर्गमूळ आहे, उरलेल्या चारांत अंतराचा पहिला, दुसरा, तिसरा आणि चौथा घात. त्यांचे सहगुणक ०.२९६९, ०.१२६०, ०.३५१६, ०.२८४३ आणि ०.१०१५. पहिला आणि चौथा मिळवायचा, बाकीचे वजा करायचे. मग एकूण बेरजेला हव्या त्या जाडीच्या पाचपटीने गुणायचे. हे पाच आकडे मला तोंडपाठ झाले आहेत. पाचव्याकडे वाचकांनी थोडे लक्ष ठेवावे. लेखाचा सारा भार त्याच्यावर आहे.

सूत्रातल्या त्या वर्गमुळामुळे छेदाचे नाक गोल होते, आणि तिथली वाढ विलक्षण वेगाने होते. १२ टक्के जाडीच्या छेदात पुढून अवघ्या ५ टक्क्यांवर पोहोचेपर्यंत कमाल जाडीचा जवळजवळ ५९ टक्के भाग येऊन गेलेला असतो. म्हणून बिंदू समान अंतरावर घेतले तर नाकाचे सारे वळण पहिल्या दोन बिंदूंच्या मधल्या न लिहिलेल्या जागेत हरवते. यावरचा सर्वमान्य उपाय असा, की एका अर्धवर्तुळावर समान कोनांत बिंदू घ्यावेत आणि त्यांची सावली जीवेवर पाडावी. जीवेचे २० भाग केले तर या रीतीने पहिला बिंदू ०.६ टक्क्यावर पडतो, दुसरा २.४ वर, तिसरा ५.४ वर. टोकांशी दाटी होते, मध्ये विरळपणा येतो. जिथे वळण अधिक तिथे साक्षीदार अधिक, असा हा न्याय आहे.

४

पण बिंदू कितीही दाट घेतले तरी ते बिंदूच. वक्र त्यांच्यात नसतो, तो त्यांच्या मधून जातो. आणि कसा जातो ते स्वतंत्र ओळीत लिहावे लागते. ‘स्प्लाइन’ हा त्यासाठीचा शब्द. त्याचा इतिहास मला प्रिय आहे. जहाजांचे आणि पुढे विमानांचे आराखडे काढणारे लोक लाकडाची एक लांब, लवचीक पट्टी घेत. ठरलेल्या बिंदूंवर ती शिशाच्या वजनांनी दाबून धरीत आणि पट्टी स्वभावतः जशी वाकेल तिच्या कडेने रेघ ओढीत. त्या पट्टीचे नाव स्प्लाइन. १९४६ साली आयझॅक शोनबर्ग यांनी तेच नाव गणितात आणले. दोन वजनांमधल्या जागेत रेघ कशी जाणार हे पूर्वी लाकडाचा पोत ठरवीत असे. आता ते समीकरण ठरवते.

कोणते समीकरण, हा प्रश्न उरतोच. जीमेशमध्ये भूमितीचे गणित सांभाळणारे दोन विभाग आहेत, एक त्याचा स्वतःचा आणि दुसरा ‘ओपनकॅस्केड’ या संग्रहातून घेतलेला. फाईलमध्ये ‘स्प्लाइन’ हा एकच शब्द लिहिला, तर पहिला विभाग एडविन कॅटमुल आणि राफाएल रोम यांनी १९७४ साली मांडलेल्या पद्धतीचा वक्र काढतो; दुसरा विभाग त्याच शब्दाचा निराळा अर्थ लावून ज्याची वक्रताही कुठे तुटत नाही असा वक्र काढतो. दोन्ही वक्र त्याच सर्व बिंदूंमधून जातात. पडद्यावर ते डोळ्याला सहसा वेगळे ओळखू येत नाहीत. हवेचा दाब मात्र वक्रतेच्या बारीक बदलांनाही प्रतिसाद देतो, म्हणून गणनाला हा फरक कळू शकतो. ‘बी-स्प्लाइन’ असे लिहिले, तर गोष्ट आणखी बदलते. तो वक्र मधल्या बिंदूंना स्पर्शही न करता त्यांच्या ओढीने वाकत जातो. बिंदूंची यादी तीच, क्रम तोच, वाचन तीन.

इथवर तरी दिलासा असा, की कोणते वाचन निवडले ते फाईलमध्ये लिहिलेले असते. ‘स्प्लाइन’ की ‘बी-स्प्लाइन’, विभाग पहिला की दुसरा, हे कोणीही उघडून वाचू शकतो. आकृती लिहिण्याचा हाच मला सर्वांत मोठा लाभ वाटतो. माउसने ओढलेल्या सुंदर वळणात ओढणाऱ्याचे निर्णय विरघळून जातात. लिहिलेल्या आकृतीत ते ओळींच्या रूपाने मागे राहतात, निदान राहू शकतात.

५

आता मागच्या कडेकडे येऊ. छेदाची वरची बाजू नाकापासून निघून मागे येते, खालची बाजूही येते. दोघी मागे एका टोकावर भेटतील अशी आपली स्वाभाविक अपेक्षा असते, कारण छेदाच्या बहुतेक चित्रांत ते टोक सुईसारखे अणकुचीदार दाखवलेले असते. परंतु सूत्रात अंतराच्या जागी जीवेची पूर्ण लांबी घालून ते पाच आकडे मांडून पाहा. बेरीज शून्य येत नाही, ०.००२१ येते. म्हणजे दोन्ही बाजू भेटत नाहीत. १२ टक्के जाडीच्या छेदात त्यांच्यामध्ये जीवेच्या ०.२५२ टक्के इतकी फट उरते. जीवा एक मीटर असेल तर अडीच मिलिमीटर.

एवढ्याशा फटीचे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. पण सॉफ्टवेअरला ती चालत नाही. हवेच्या गणनात प्रत्यक्षात जाळी विणायची असते ती हवेची. पाते हे त्या जाळीतले एक भोक असते. भोकाची सीमा सांगण्यासाठी सर्व वक्र एका ओळीत क्रमाने गुंफून एक बंद वेढा लिहावा लागतो. वेढा जुळला नाही तर पुढचे काहीच होत नाही. सूत्र शेवट उघडा ठेवते आणि सॉफ्टवेअर तो मिटवण्याचा आग्रह धरते. या दोहोंच्या मध्ये आकृती लिहिणारा बसलेला असतो, आणि त्याला काहीतरी ठरवावेच लागते.

ठरवण्याचे मार्ग साधारण चार. पहिला, वरच्या आणि खालच्या शेवटच्या बिंदूंना एका आखूड सरळ रेघेने जोडावे. छेद मागे बोथट राहतो, पण सूत्राचे प्रत्येक अक्षर पाळले जाते. दुसरा, शेवटचे दोन बिंदू सोडून देऊन त्यांच्या मध्यावर एकच बिंदू घ्यावा. बाकी सारे तसेच, फक्त अखेरच्या टप्प्यात वक्राला किंचित मुरड बसते. तिसरा, पाचवा सहगुणक ०.१०१५ ऐवजी ०.१०३६ करावा, मग बेरीज बरोबर शून्य होते आणि फट जणू कधी नव्हतीच अशी नाहीशी होते. चौथा, सूत्राला हात न लावता दोन्ही बाजू आपल्या वाटेने पुढे जाऊ द्याव्यात, त्या जिथे आपोआप भेटतील तिथे छेद संपवावा आणि मग सगळी आकृती थोडी लहान करून जीवा पुन्हा एक करावी.

यांपैकी तिसरा मार्ग फार लोकप्रिय आहे, आणि त्याचे कारण उघड आहे. एका आकड्यात दशांशाच्या चौथ्या घरात २१ चा बदल. नाकाकडे त्याचा परिणाम जवळजवळ शून्य. आणि परिणामी मिळणारी आकृती देखणी. इतकी देखणी, की तो बदल केला आहे हे सांगावेसेही वाटत नाही. अनेक तयार फाईलींमध्ये ०.१०३६ हा आकडा कोणत्याही टिपेशिवाय बसलेला दिसतो, आणि फाईलचे नाव ४४१२ हेच असते. नावातल्या चार आकड्यांपैकी एकही शेवटाविषयी बोलत नसल्यामुळे नाव बदलण्याची गरजही पडत नाही.

माझ्याकडे काम करणाऱ्या दोन विद्यार्थ्यांनी एकदा याच छेदाचे गणन स्वतंत्रपणे केले. वाऱ्याचा वेग तोच, कोन तोच, जाळीही सारख्याच बारकाईची. तरी छेदावरच्या रोधाचे आकडे जुळेनात. दोघेही काटेकोर होते, आणि दोघांनीही आपापले गणित पुन्हा तपासले होते. अखेर दोन्ही फाईली शेजारीशेजारी उघडून ओळीला ओळ लावून वाचल्या, तेव्हा एकीत शेवटची आखूड रेघ सापडली आणि दुसरीत ०.१०३६. ‘पण सर, दोन्ही फाईलींचं नाव तर एकच आहे,’ त्यांतली एक म्हणाली. तिच्या स्वरात तक्रार होती, आणि ती मला रास्त वाटली. दोघांपैकी कोणाचेही उत्तर चुकले नव्हते. त्यांनी दोन निराळ्या पाठांवर भाष्य केले होते, आणि पाठ एकच आहे अशी त्यांची समजूत करून देण्यात आली होती.

६

शेवटच्या कडेला एवढे महत्त्व का, हे इथे सांगायला हवे. नाहीतर हे सारे कारकुनी वाटेल. घर्षण नसलेल्या आदर्श हवेचे गणित मांडले, तर पात्याच्या छेदाभोवती हवा कशी वाहील या प्रश्नाला एकच उत्तर मिळत नाही, अनंत मिळतात. प्रत्येक उत्तरात हवेचे छेदाभोवती फिरणे कमीजास्त असते, आणि त्या फिरण्यावरच उचल अवलंबून असते. म्हणजे नाकाचा गोलपणा, वरचा फुगवटा, मधला बाक हे सगळे नेमके माहीत असूनही उचल किती ते सांगता येत नाही. मार्टिन कुट्टा यांनी १९०२ साली आणि निकोलाय झुकोव्हस्की यांनी १९०६ साली उचलीचे जे गणित मांडले, त्यातून या कोंडीचा जो उलगडा रूढ झाला तो असा: हवेने मागची तीक्ष्ण कड सुरळीतपणे सोडली पाहिजे. ही अट घातली की अनंत उत्तरांतले एकच शिल्लक राहते. संपूर्ण छेदावरच्या प्रवाहाचा निवाडा त्याच्या शेवटावर होतो.

कड बोथट असली, तर हवा एका टोकाऐवजी दोन कोपऱ्यांवरून सुटते आणि त्यांच्या मागे एक चिमुकली भोवऱ्याची जागा तयार होते. अडीच मिलिमीटरची फट आहे की नाही याने पवनचक्की बंद पडत नाही हे खरे. परंतु ज्या रोधाच्या आकड्यांवरून एका छेदापेक्षा दुसरा बरा असे आपण म्हणतो, ते आकडे अशाच बारीक गोष्टींनी बनलेले असतात. त्यांची तुलना करताना आपण एकाच वस्तूबद्दल बोलत आहोत याची खात्री नसेल, तर तुलना कसली करायची?

७

या सगळ्यात एक गोष्ट मला अधिकाधिक विचार करायला लावते. ०.१०३६ लिहिणारा माणूस मनाशी असे धरून चालतो, की मूळ सूत्रात एक उणीव होती आणि आपण ती भरून काढली. १९३३ चा अहवाल वाचला की निराळेच दिसते. त्या पाच सहगुणकांच्या मागे पाच अटी आहेत, आणि त्या अहवालात स्पष्ट दिल्या आहेत. २० टक्के जाडीचा छेद आधार म्हणून घेतला आहे. त्याची कमाल अर्धजाडी जीवेच्या ०.१ असावी आणि ती पुढून ३० टक्क्यांवर यावी, तिथे वक्र सपाट असावा, या दोन अटी. नाकाजवळ, १० टक्क्यांवर, अर्धजाडी ०.०७८ असावी, ही तिसरी. मागच्या कडेचा उतार ठरावीक असावा, ही चौथी. आणि पाचवी अट अशी, की मागच्या कडेवर अर्धजाडी ०.००२ असावी. शून्य नव्हे. फट ही गणिताच्या हातून राहिलेली उणीव नाही, ती लेखकांनी मागून घेतलेली आहे.

अशी अट असणे किती व्यवहार्य आहे, ते पाते प्रत्यक्षात कसे बनते हे पाहिल्यावर कळते. पवनचक्कीचे पाते काचतंतूंच्या दोन कवचांचे असते. ती पुढच्या आणि मागच्या कडेला चिकटवून जोडतात. सुईसारखी शून्य जाडीची कड कोणत्याही कारखान्यात बनत नाही, आणि बनली तरी टिकणार नाही. गेल्या दोन दशकांत तर पात्याच्या मुळाजवळ मुद्दाम रुंद, सपाट मागची कड ठेवलेले छेद वापरात आले आहेत, कारण त्यांनी पात्याला बळकटी येते. उघडा शेवट मिटवून आपण आकृतीला अधिक परिपूर्ण करतो असे वाटते, तेव्हा बहुधा आपण तिला पात्यापासून थोडे दूर नेत असतो.

तरीही मिटवू नये असे माझे म्हणणे नाही. कित्येकदा मिटवावेच लागते. काही गणनपद्धतींना तीक्ष्ण कड सोयीची असते. मला आदर्श वाटते ते एक उदाहरण नासाच्याच लँगली केंद्राचे आहे, म्हणजे त्याच प्रयोगशाळेचे, जिथे १९३३ चा अहवाल तयार झाला. गणनाच्या पद्धती पडताळण्यासाठी त्यांनी ००१२ हा छेद नमुना म्हणून ठेवला आहे; त्याची जाडी ४४१२ इतकीच, पण बाक शून्य. त्यांना तीक्ष्ण कड हवी होती, म्हणून त्यांनी वर सांगितलेला चौथा मार्ग घेतला. मूळ सूत्राचे वक्र १.००८९३०४११३६५ या अंतरावर मिटतात, तिथे छेद संपवला आणि आकृती त्या प्रमाणात लहान केली. त्यामुळे जाडी १२ टक्के न राहता सुमारे ११.८९४ टक्के झाली. हे सगळे त्यांनी नमुन्याच्या वर्णनातच लिहून ठेवले आहे. नाव तेच ठेवले, पण हा पाठ मुळापासून कुठे आणि किती ढळला आहे ते सांगितले. आपल्याच पूर्वसूरींचे सूत्र बदलतानाही त्यांनी दशांशाची बारा घरे नोंदवली.

हे वर्णन वाचताना मला एकनाथांची आठवण होते, आणि ती ओढूनताणून होत नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले पाठभेद पाहून नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली. आपण हे कधी केले आणि का केले, ते त्यांनी ग्रंथाच्या अखेरीस ओव्यांतच नमूद केले, आणि पुढे कोणी आपली ओवी आत घालू नये असेही बजावले. नाथांच्या निवडी सर्वत्र योग्य होत्या का, यावर अभ्यासक वाद घालू शकतात आणि घालत आले आहेत. हा वाद शक्य होतो, कारण इथे कोणाचा तरी हात फिरला आहे हे आपल्याला त्या हातानेच सांगून ठेवले आहे. निनावी लेखनिकाने जाता जाता ‘सुधारलेल्या’ ओळीशी वाद घालता येत नाही. आधी ती सुधारलेली आहे हे शोधून काढावे लागते, आणि बहुतेक वेळा ते कोणी शोधतच नाही.

८

भूमितीच्या फाईलमध्ये टीप लिहिण्याची सोय अगदी साधी आहे. ओळीच्या सुरुवातीला दोन तिरप्या रेघा दिल्या की सॉफ्टवेअर ती ओळ वाचत नाही. ती ओळ आकृतीत उतरत नाही, जाळीत दिसत नाही, उत्तरावर तिचा काही परिणाम नाही. ती केवळ दुसऱ्या माणसासाठी असते. फाईलीतल्या बाकी सगळ्या ओळी यंत्राला उद्देशून आज्ञार्थी. ही तेवढी वाचकाला उद्देशून. म्हणूनच असेल, घाईच्या वेळी पहिल्यांदा तीच गाळली जाते.

विद्यार्थ्यांना मी ही आकृती शिकवतो तेव्हा बिंदूंच्या आधी तीन टिपा लिहायला सांगतो: सूत्र कोणते व कोठून घेतले, वक्र कोणत्या रीतीने ओढला, आणि मागची कड कशी मिटवली. पहिल्या दोन ते न कुरकुरता लिहितात. तिसरीपाशी थोडे अडखळतात, कारण तोवर तिथे काही ठरवायचे आहे हेच अनेकांच्या लक्षात आलेले नसते. चित्रात तर टोक टोकदार होते! मग ते पाच आकड्यांची बेरीज करून पाहतात, ०.००२१ येते, आणि वर्गात थोडा वेळ शांतता पसरते. त्या शांततेत कोणी पहिला मार्ग निवडतो, कोणी तिसरा. मी निवडीबद्दल सहसा काही बोलत नाही. ती त्या ओळीत लिहिली गेली आहे एवढे फक्त पाहतो, आणि मग पुढच्या बाकाकडे जातो.